अण्णांची स्मरणिका : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

घरातली सगळी माणसं एका जागी सापडतात ती दिवाळीतच, म्हणून बैठक आजच घेतली. अण्णांच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची. प्रती ३००. औसा तालुक्यातलं आपलं गाव, आजूबाजूच्या वाड्या आणि पाहुणेरावळे एवढ्यांना पुरतील.

मजकुराबद्दल एकमत झालं ते असं : श्रद्धांजलीचे लेख थोडे, अण्णांची कामं जास्त. हातपंपाची दुरुस्ती, पावसाची वही, विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकणं, रक्तदात्यांची यादी, किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांची मजबुती, ही सगळी कामं वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात होती. ते गेल्यापासून यातली तीन बंद पडली आहेत. पुस्तिका उघडी ठेवून दुसऱ्या कुणाला ती करता आली पाहिजेत, इतकं नेमकं लिहायचं. अण्णा कुणालाही काम सांगताना आधी माप सांगायचे, तसंच.

तारीख : अण्णा गेले माघ शुद्ध एकादशीला. २०२४ मध्ये ती २० फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ८ फेब्रुवारीला आहे. म्हणजे २० तारीख धरून चाललेल्यांचे १२ दिवस आताच कमी झाले. एकादशीला उपवास, म्हणून कीर्तन शनिवारी ८ ला आणि जेवण द्वादशीला, रविवारी ९ ला. पुस्तिका ५ फेब्रुवारीला घरात आली पाहिजे.

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत निघालं ते : वह्या ३१ (पावसाच्या ९, हिशेबाच्या १४, बाकी किरकोळ), पत्रांचा एक गठ्ठा, फोटोंचे दोन अल्बम, सुटे फोटो, शाळेचा दाखला, पंपाचे पाने एका गोणपाटात, चामड्याचे जुने वायसर, आणि सुतळीनं बांधलेली एक पाटी. पेटीतली कुठलीही वस्तू मूळ क्रम लिहून घेतल्याशिवाय बाहेर जाणार नाही. कोणती वही कोणत्या वहीखाली होती यावरूनही साल कळतं.

१० नोव्हेंबर, रविवार

फोटो. एकूण २१४, त्यातले १३० चिकटपट्टीच्या अल्बममध्ये. हे अल्बम फोटोंचे वैरी आहेत. वर प्लॅस्टिक, खाली गोंदाच्या रेघा, आणि पंचवीस वर्षांत गोंद फोटोच्या पाठीत मुरलेला. ओढला की फोटोचा पापुद्रा निघतो. जमलेली पद्धत : नायलॉनचा बारीक दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घालायचा आणि करवतीसारखा पुढेमागे करत सरकवायचा. दोरा अडला तर थांबायचं आणि तो फोटो पानासकट स्कॅन करायचा. हेअर ड्रायर वापरायचा नाही, उष्णतेनं फोटोचा थर सैल होतो.

फ्रेममधले चार फोटो काचेला चिकटलेले आहेत. लग्नाचा फोटो त्यातलाच. ते काढायचे नाहीत. फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढून काचेसकट स्कॅनरवर ठेवले, साफ आले.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). साडेतीन बाय पाच इंची फोटोचे २१०० × ३००० पिक्सेल मिळतात, छपाईला ३०० डीपीआय लागतात, म्हणजे फोटो दुप्पट मोठा करता येतो. मूळ फाइल टिफ, कामाची प्रत जेपेग. पाठही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं साल, सगळं पाठीवरच असतं.

पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले ३८ फोटो छपाईला निरुपयोगी निघाले, कारण पाठवताना ते दाबले जातात. सगळ्यांना पुन्हा निरोप : फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

१७ नोव्हेंबर, रविवार

कागदांची सालं लावणं. तारीख नसलेल्या कागदांसाठी तीन खुणा फार उपयोगी पडल्या :

लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याआधी आपला तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. कागदावर ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर तो बहुधा त्याआधीचा. बहुधाच, कारण जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा पिनचे सहा चौकोन छापलेलं पोस्टकार्ड त्यानंतरचंच. आणि आजोबांच्या काळातला जमिनीचा कागद उर्दूत आहे, त्यावरचं साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं.

अण्णांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९५१ आहे. गावातल्या त्या वयाच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी सोयीनं तीच टाकायचे. घरात सांगतात ते पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मले. स्मरणिकेत दोन्ही छापायचं : ‘दाखल्यावर १ जून १९५१, घरच्या आठवणीत पोळ्याचा आदला दिवस.’ एक निवडून दुसरं पुसायचं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मतदान काल झालं. निवडणुकीच्या छपाईमुळे महिनाभर प्रेसमध्ये कुणी बोलायला रिकामं नव्हतं, आज बोलणं झालं. आकार डेमी एकअष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. मजकुराची ६४ पानं, सोळा पानांचा एक असे चार फॉर्म. फोटोंची ८ पानं आर्ट पेपरवर. बांधणी सेंटर पिनची, म्हणून आर्ट पेपरची पानं बरोबर मधोमध येणार, ३३ ते ४०. फोटो मजकुराच्या शेजारी हवेत असा आग्रह होता, तो सोडावा लागला. कागद ७० जीएसएम मॅपलिथो, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड. १८ × २३ इंची एका शीटवर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात. प्रतीला ४ शीट, ३०० प्रतींना १,२००, वाया जाणारे धरून १,३००. तीन रीम घ्यावे लागतील, उरलेल्या कागदाचे पावसाच्या वहीसाठी आखीव ताव करून घ्यायचे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जुन्या घराची चौकट. देवघराच्या सागवानी चौकटीवर डाव्या बाजूला शिसपेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. अण्णा दर पाडव्याला घरातल्या प्रत्येक लेकराला तिथं उभं करून डोक्यावर फूटपट्टी ठेवायचे, रेघ मारायचे आणि नाव-साल लिहायचे. लेकी, मुलगा, पुतणे, मग नातवंडं. शेजारच्या दोन घरांतली पोरंही आहेत. पोळ्यापूर्वी रंगकाम होणार म्हणतात, त्याआधी हे उतरवून घेणं गरजेचं होतं.

चौकटीवर ट्रेसिंग पेपर लावून रेघा उतरवल्या. टेप मात्र वेगळी लावली, कारण कागद ताणला जातो. ४७ रेघा. तेलाच्या हातांनी सात-आठ नावं पुसट झालेली, ती बॅटरीचा उजेड बाजूनं तिरपा टाकल्यावर वाचता आली. पेन्सिलीचा दाब लाकडात उतरलेला असतो, तो तिरप्या उजेडातच दिसतो.

मापं लिहिल्यावर एक घोळ लक्षात आला. धाकटा मुलगा एका वर्षात ११ सेंटिमीटर वाढलेला दिसतो आणि त्याच वर्षी दोन्ही पुतणेही तसेच. हिशेबाच्या वहीत कारण सापडलं : त्याच वर्षी मातीची जमीन काढून शहाबादी फरशी बसवली. मसाला आणि फरशी मिळून जमीन साडेचार सेंटिमीटरनं वर आली. आपण आज नव्या फरशीपासून मोजलं, म्हणून फरशीच्या आधीच्या प्रत्येक रेघेत ४.५ मिळवायचे, नंतरच्या तशाच ठेवायच्या. मिळवल्यावर मुलाची त्या वर्षाची वाढ साडेसहा निघाली, जुळलं.

छपाईत ही चौकट एकास दहा प्रमाणात येईल. सगळ्यांत वरची रेघ १७१ सेंटिमीटरवर आहे, पानावर १७.१ लागतील, पान २१.६ चं आहे. बसतं. हे पान कुणीही वगळू म्हणालं नाही.

१ डिसेंबर, रविवार

आठवणींचं रेकॉर्डिंग, आजपर्यंत ११ जणांचं. शिकलेल्या गोष्टी : फोन टेबलावर तसाच ठेवला की कपबशीचा आवाज तोफेसारखा येतो, खाली गोधडीची घडी घालावी. फोन तोंडापासून दोन वीत. फ्लाइट मोड चालू. पंखा बंद, थंडीचे दिवस आहेत तर चालतं. ‘अण्णांबद्दल सांगा’ म्हटलं की दोन मिनिटांत ‘देवमाणूस होते’वर गाडी थांबते. त्याऐवजी ‘त्यांच्या सायकलीला काय काय अडकवलेलं असायचं?’ विचारलं की अर्धा तास मिळतो. उत्तर सगळ्यांचं एकच : पान्यांचं गोणपाट, ग्रीसचा डबा, आणि परतताना घरच्यांसाठी काहीतरी, बाजाराच्या दिवशी गुडीशेव.

साल कुणाला आठवत नाही, आणि विचारूही नये. ‘भूकंपाच्या आधी का मागं?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात का?’, ‘रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात?’ असं विचारायचं. रेल्वेचं पाणी म्हणजे एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला आलेलं. ही तीन सालं आपल्याकडे कॅलेंडरपेक्षा पक्की आहेत.

उतरवून घेताना बोली तशीच ठेवायची. ‘काय करलालाव’ चं ‘काय करत आहात’ करायचं नाही. एका तासाच्या रेकॉर्डिंगला उतरवायला पाच तास लागतात, त्यामुळे प्रत्येकाचं सगळं न उतरवता आधी ऐकून मिनिटांच्या खुणा केल्या.

८ डिसेंबर, रविवार

पावसाच्या वह्या संगणकावर. १९९५ ते २०२३, नऊ वह्या. अण्णा रोज सकाळी साडेआठला मापक बघायचे, कारण हवामान खात्याची पद्धत तीच : साडेआठला मोजलेला पाऊस म्हणजे मागच्या चोवीस तासांचा. हे न कळल्यामुळे पहिल्या वहीतला पाऊस एक दिवस मागे लिहिला जात होता, तो दुरुस्त केला.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. पाऊस नसला की अण्णा ०.० लिहायचे. चौकट रिकामी असेल तर त्या दिवशी मोजलंच नाही. अशा रिकाम्या जागा तीसच्या आत आहेत, त्यातल्या बहुतेक आषाढी वारीच्या. दोन मात्र मुलींच्या बाळंतपणाच्या, हिशेबाच्या वहीत त्याच दिवसांचं लातूरच्या एसटीचं तिकीट आहे. संगणकात रिकामं ते रिकामंच ठेवलं.

२००३ च्या पावसाळ्यात आकडे एकदम फुगले आहेत. ४६०, ३१०, ७२०. असा पाऊस इथं पडत नाही. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं : ‘काच फुटली. औषधाच्या मापानं. मिली.’ आपल्या मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं आहे, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. ४६० ला २० नं भागलं की २३ मिलिमीटर. त्या वर्षाचे जून ते ऑगस्टचे सगळे आकडे २० नं भागले. सप्टेंबरमध्ये नवं माप आलं, तिथून आकडे सरळ आहेत.

लाल गोल केलेले दिवस ६५ मिलिमीटरच्या वरचे. अतिवृष्टी धरायला सरकारी हिशेबात हाच आकडा लागतो, आणि महसूल मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेलाच असतो असं नाही. पंचनाम्याच्या वेळी लोक हीच वही बघायला घरी यायचे.

शेवटच्या चार-पाच वर्षांत आकडे शेजारच्या गावापेक्षा सतत कमी आहेत. मापकाजवळचा शेवगा वाढला हे कारण दिसतं. आडोसा मापकापासून निदान स्वतःच्या उंचीच्या दुप्पट लांब असायला हवा. स्मरणिकेत या वर्षांपुढे खूण करायची.

१५ डिसेंबर, रविवार

हातपंपाची पानं. याला सर्वांत जास्त जागा दिली, सात पानं, आणि ती कमी करायची नाहीत.

सुरुवात एका माहितीनं, जी आपल्याकडच्या लोकांनाच ठाऊक नसते. गावोगावी दिसणारा इंडिया मार्क-२ पंप ज्या पंपांवरून घडला त्यातला एक जालन्याच्या मिशनमध्ये तयार झालेला ‘जालना पंप’, दुसरा ‘सोलापूर पंप’. बिडाचे जुने पंप गावाच्या वापराला टिकत नव्हते, तेव्हा ही पोलादी, एका कण्यावर फिरणाऱ्या दांड्याची रचना इथं आली. पुढे १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क-२ झाला.

मग रोग ओळखणं. अण्णांच्या वहीतलं त्यांच्याच क्रमानं घेतलं. दांडा हलका चालतो आणि पाणी अजिबात नाही : आतली सळई निसटली किंवा तुटली. बराच वेळ हापसल्यावर पाणी येतं, मग नीट चालतं : खालची झडप गळते, नळीतलं पाणी रात्रीत उतरतं. पाणी लगेच येतं पण कमी : वायसर झिजले. दांडा डावीउजवीकडे डुलतो : बेअरिंग गेली, नंबर ६२०४, दोन लागतात. कटकट आवाज : साखळीला ग्रीस नाही.

तपासणीच्या दोन चाचण्या. मिनिटाला ४० हिसके या गतीनं पूर्ण हापसून बादली भरायची, १२ लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. आणि पाणी चालू झाल्यावर अर्धा तास पंप सोडायचा, परत हापसताना पाच हिसक्यांत पाणी आलं तर गळती नाही.

पंप उपसण्याचं काम जोखमीचं. मार्क-२ चं सिलिंडर काढायला सगळी नळी वर घ्यावी लागते. ३ मीटरचा ३२ मिलिमीटरचा एक पाइप दहा किलोच्या जवळपास जातो. दहा पाइप, त्यातल्या १२ मिलिमीटरच्या सळया आणि आतलं पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या घरात. चार माणसं लागतात, तिघांवर करायचं नाही. सर्वांत मोठा अपघात म्हणजे नळी क्लॅम्पमधून सटकून बोअरमध्ये जाणं. क्लॅम्पच्या दातांत ग्रीस-गंज बसला की पकड सुटते. म्हणून अण्णा काम सुरू करण्याआधी दात तारेच्या ब्रशनं घासायचे, पाइपचा तेवढा भाग कोरड्या फडक्यानं पुसायचे, आणि एक पाइप वर आला की पुढच्याला हात लावण्याआधी ‘धरलं?’ विचारायचे. समोरून ‘धरलं’ आल्याशिवाय पाना फिरायचा नाही. हे शब्द पानावर मोठ्या अक्षरात टाकायचे.

चामड्याचा नवा वायसर बसवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावा, कोरडा बसवला तर सिलिंडरमध्ये दुमडतो. रबरीला हे लागत नाही. पाइप जोडताना आट्यांवरची माती पुसून सुतळी-सफेदा लावायचा, नाहीतर जोड गळतो आणि दोष झडपेला दिला जातो.

गोणपाटातले पाने मोजले. नळी धरायचा क्लॅम्प, उचलायचे पाने दोन, १७-१९ चा पाना, सळई धरायची व्हाइस, कपलिंगचा पाना. साखळी जोडताना लागणारा चिमटा नाही. रेकॉर्डिंग ऐकताना कळलं, तो पलीकडच्या वाडीत आहे. आणून ठेवायचा.

२२ डिसेंबर, रविवार

टीसीएलचं पान लहान पण पूर्ण आकडेमोडीसकट. गोल विहिरीचं पाणी : व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, उत्तर घनमीटरमध्ये, त्याला १,००० नं गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे सुमारे १४,१३० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून ७० ग्रॅम. पावडर सरळ विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लापशी करायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हेलकावे द्यायचे. खालचा चुना फेकायचा. तासभर उपसा बंद. उघड्या पोत्यातली पावडर ओल आणि उन्हानं निकामी होते, वास गेला की उपयोग गेला. दुष्काळात टँकर विहिरीत रिकामा करतात तेव्हा हिशेब प्रत्येक टँकरमागे नव्यानं.

रक्तदात्यांची वही छापायची नाही. त्यात माणसांची नावं, गट आणि फोन आहेत, ती अण्णांनी विश्वासानं लिहून घेतली होती. छापायची ती फक्त पद्धत : वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना दोन दानांत ९० दिवस, बायकांना १२०. वहीत प्रत्येक नावापुढे शेवटच्या दानाची तारीख आहे, तीच या वहीची खरी किंमत. रात्री दोनला फोन आला तर कुणाला उठवायचं हे त्या तारखेवरून ठरायचं.

२५ डिसेंबर, बुधवार

किल्लारीचं पान. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या नऊ जणांसोबत तिकडे गेले, दिवाळीपर्यंत तिथेच होते. त्या दिवसांची वही ११ पानांची आहे आणि तिच्यात भावना कुठेच नाहीत : पत्रे किती आले, कंदील किती, कोणत्या शेडमध्ये लेकुरवाळ्या बाया. मध्येच एका पानावर घरी पाठवायच्या पत्राचा कच्चा मजकूर, धाकट्याचा खोकला कसा आहे एवढंच विचारलेलं. हे पान आहे तसं, त्यांच्या अक्षरात छापायचं. ढिगाऱ्याचे फोटो आहेत, त्यातले माणसं दिसणारे एकही घ्यायचे नाहीत.

पुढची दोन पानं कामाची. माणसं मेली ती घरांखाली. दगडमातीच्या भिंती बाहेरून एक, आतून एक अशा दोन थरांच्या, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही. हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि वरचं माळवद मातीच्या वजनासकट खाली येतं. परत आल्यावर अण्णांनी आपल्या गावात हेच धरून काम केलं : माळवदावरची दरवर्षी चढत गेलेली माती काढून वीतभर ठेवायची. भिंतीत दर मीटरभर अंतरावर आडवं-उभं, हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, आतून तीन इंच, दोन्ही तोंडांशी रुंद. त्यात दोन्ही टोकं वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई आणि काँक्रीट. दहा दिवस पाणी. पहार वापरायची नाही, धक्क्यानं आजूबाजूचं सैल होतं. लाकडी खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेके. आपली चौकट आहे ती देवघराची खोलीही अशीच बांधलेली आहे, भिंतीवर काँक्रीटचे गोल ठसे दिसतात ते हेच.

३० डिसेंबर, सोमवार (येळवस, म्हणजे वेळ अमावास्या)

काम बंद, सगळे वावरात. कडब्याची खोप, पाच पांडव, आंबील. वर्ष पुरं झालेलं नाही म्हणून यंदा सण साधाच. पण घरच्या पानांसाठी आंबिलीचं माप आजच मोजून घेतलं, कारण अण्णा ती स्वतः करायचे आणि मूठ-ओंजळीनं करायचे. काकूंनी त्यांच्यासारखी केली, आपण प्रत्येक मूठ वजन करून लिहिली : ताक ५ लिटर, ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम, पाणी दीड लिटर, लसणाचे दोन गड्डे, हिरव्या मिरच्या ८, जिरं दोन चमचे, मीठ, कोथिंबीर. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडायचं, सतत हलवत. शिजलेलं पूर्ण निवल्यावरच ताक घालायचं, कोमट असतानाही घातलं तर ताक फुटतं. मडक्यात, सावलीत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

टायपिंग युनिकोडमध्ये झालं होतं, प्रेसमध्ये पेजमेकर. त्यांनी फॉन्ट बदलून घेतला आणि पहिल्या प्रुफात ‘शेतकऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ सगळीकडे ऱ्य-ऱ्हची मोडतोड. ‘व्हॉल्व्ह’ फुटला, ‘ॲ’च्या जागी चौकोन. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी दशांशचिन्ह गेलं, १२.५ चे १२५ झाले. अक्षराची चूक वाचणारा सुधारून घेतो, आकड्याची नाही.

दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानं इथंच जुळवायचं ठरवलं. मुक्ता फॉन्ट, ११ पॉइंट, ओळींचं अंतर १६ पॉइंट. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यायची, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड), बाहेरची मार्जिन १२, कारण सेंटर पिनमध्ये आतली पानं बाहेर सरकतात आणि कापणीत मजकूर जातो. काळे-पांढरे फोटो ग्रेस्केलमध्ये, नाहीतर हिरवट येतात.

१९ जानेवारी, रविवार

प्रुफं तीनदा. एकदा भाषेसाठी, एकदा नुसत्या आकड्यांसाठी : एकानं मूळ वहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर टिचकी. तिसऱ्यांदा काकूंना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी दोन नाती सुधारली आणि एक जाहिरातवजा पान काढायला लावलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

३०० प्रती आल्या. आठ प्रतींत आर्ट पेपरची पानं उलटी पिनली गेली होती, त्या बाजूला काढल्या. चौकटीचं पान फूटपट्टीनं मोजलं, १७.१ बरोबर.

९ फेब्रुवारी, रविवार

द्वादशीचं पारणं. २४० प्रती वाटल्या. चौकटीच्या पानावर लोक आपापली नावं शोधत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

शाळेजवळचा पंप पुस्तिका समोर ठेवून उपसला. चार जण, त्यात दोघं पहिल्यांदाच. आठ पाइप. मिनिटाला ६ लिटर येत होतं, वायसर बदलल्यावर १३. पुस्तिकेतल्या दोन त्रुटी निघाल्या : शेवटचा पाइप काढताना सिलिंडर आडवं ठेवायला स्वच्छ पोतं आधी अंथरावं हे राहिलं, आणि सळईचा चेकनट आधी सैल करायचा हे चुकीच्या क्रमानं आलं आहे. उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवायची.

साखळीचा चिमटा वाडीवरून आला. पाने पुसून, तेल लावून गोणपाटात. पेटीत सगळं यादीप्रमाणे परत ठेवलं. पावसाचं मापक धुतलं, शेवगा छाटला. नव्या तावांची वही शिवली, पहिलं पान आखलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ८:३०. ०.०